पऱ्हाटीतली हाळी

कापूस वेचताना आवाज होत नाही. ज्वारी सोंगताना विळा करकरतो, तूर झोडपताना काठी वाजते, सोयाबीनचं मळणीयंत्र तर अख्खं शिवार दणाणून सोडतं. पऱ्हाटीच्या ओळीत सगळं मुकाट चालतं. उमललेल्या बोंडात बोटं शिरतात, चार-पाच कप्प्यांत बसलेला कापूस एका हिसक्यात मोकळा होतो, मूठ भरली की कमरेच्या ओटीत जातो. बोंडाचं वाळलेलं कवच टोकाला काट्यासारखं असतं. ते नखाच्या कडेला टोचतं आणि तोंडातून बारीक 'स्स' निघतं, तेवढंच. नोव्हेंबरच्या अखेरीला, सकाळी नऊच्या सुमारास, मुकुटबनच्या शिवारात अकरा बायांच्या मागे मी एक ओळ धरून उभी होते. ही शांतता माझ्या ध्यानात यायला पाऊण तास लागला.

मग दोन वावरं पलीकडून हाळी आली. बाई दिसत नव्हती. कुणाचं तरी नाव हाकारलं होतं. नावाचं पहिलं अक्षर वर चढून लांबलं, जरा थरथरलं आणि शेवटचं अक्षर घसरत घसरत खाली आलं, कुठल्याच एका सुरावर न टेकता. आमच्या ओळीतल्या मावशीनं मान न उचलता तशीच हाळी परत दिली, थोड्या खालच्या पट्टीत. बोलणं झालं. आमच्यातली एक पोरगी पाण्याची कॅन उचलून तिकडे निघाली.

या हाळीसाठी मी आले होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या मळ्यांत काळे मजूर अशीच हाळी द्यायचे. तिकडे तिला 'फील्ड हॉलर' म्हणतात. त्या हाळीतून आणि कामाच्या गाण्यांतून ब्लूज आला, ब्लूजला चर्चमधल्या टाळ्या आणि खंजिरी मिळाली, गोऱ्या खेडुतांचं कंट्री संगीत मिळालं, शहरातली वीज मिळाली आणि १९५०च्या आसपास त्याला लोक रॉक अँड रोल म्हणू लागले. वीस वर्षं मी हे संगीत ऐकते आहे. त्याच्याविषयी जे वाचलं त्यात दर दुसऱ्या पानावर कापूस होता. आणि मी नागपूरची, माझ्या आजोळी पऱ्हाटी होती, तरी मी कधी कापूस वेचला नव्हता. मैत्रिणीचं सासर मुकुटबनचं. तिच्या सासूबाईंना, म्हणजे काकूंना, फोनवर येण्याचं कारण सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ये ना बाप्पा. वेचाईले बाया भेटून नाही राहिल्या, तूच वेच."

नागपूरहून वरोऱ्यापर्यंतचा रस्ता सरावाचा होता. वर्धा नदी ओलांडून वणीचा मुलूख लागला की रंग बदलतात. कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याकडेच्या बाभळी काळ्या केलेल्या, राजूरकडच्या चुन्याच्या भट्ट्यांपाशी पानं पांढरी, आणि या दोहोंच्या मध्ये बोंडं फुटलेली वावरं. वणीहून कायरमार्गे एसटी दक्षिणेला निघते. झरी जामणी तालुक्यातलं मुकुटबन हे मोठं गाव. तालुक्याला नाव दुसऱ्या गावांचं मिळालं असलं तरी चार गावांचे लोक बाजाराला इथेच येतात. आता सिमेंटचा कारखानाही आला आहे, त्यामुळे ट्रकांची वर्दळ. खाली पैनगंगा, तिच्या पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद. एसटीत माझ्या पुढच्या दोघी तेलुगू बोलत होत्या, मागे गोंडी चाललं होतं, कंडक्टर वऱ्हाडीत सुट्टे पैसे मागत होता. अशा सरहद्दीच्या जागी गाणी एकमेकांत मिसळतात. मिसिसिपीच्या काठीही तेच झालं होतं.

या मातीचं आणि त्या मातीचं नातं नुसत्या पिकापुरतं नाही. यवतमाळ जिल्ह्याला १९०५पर्यंत 'वून जिल्हा' म्हणत, वणीवरून. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, आणि आठ वर्षांनी, १८६१ साली, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली. मँचेस्टर आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. जिथे खायची ज्वारी होती तिथे पऱ्हाटी आली. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, पण पऱ्हाटी राहिली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस समुद्राकडे जाण्याची वाट पक्की झाली.

त्याच युद्धानं तिकडे गुलामगिरी संपवली. सुटलेल्या माणसांकडे जमीन नव्हती, म्हणून ती जुन्याच मालकांच्या मळ्यावर बटईनं राबू लागली. बियाणं, खेचर, पीठ, कापड सगळं मालकाच्या दुकानातून उधारीवर. वर्षाच्या शेवटी कापूस मोजला की हिशेब मालकच करणार, आणि डोक्यावर बाकी उरणार. या बटईच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीत ब्लूज जन्मला. म्हणजे ज्या लढाईनं माझ्या आजोळच्या वावरात पऱ्हाटी वाढवली, त्याच लढाईनं ब्लूज गाणारा माणूस घडवला. काकूंच्या ओसरीवर रात्री हे सांगत होते, तेव्हा काका मध्येच म्हणाले, "बटईचा हिशोब कुठंबी तसाच." आणि गप्प झाले. पुढचं मला विचारवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुऱ्यावर, पळसाच्या सावलीत, शिदोऱ्या सुटल्या. भाकर, मिरचीचा ठेचा, वांग्याची भाजी. वेचाई सुरू करताना या वावरात सीतादही झाली होती. पहिला कापूस वेचण्याआधी वावरातच पूजा मांडायची आणि दहीभाताचा निवद दाखवायचा, ही इथली रीत. मी विचारलं, वेचताना गाणं म्हणता का? सगळ्या हसल्या. पोरगी म्हणाली, "मोबाईल हाये ना." खरंच, तिच्या ओटीत कापसाखाली मोबाईल होता आणि सकाळी मधूनच हिंदी गाणं कापसातून दबकं ऐकू येत होतं. सत्तरीच्या मावशी मात्र म्हणाल्या, गाणं जात्यावर असायचं, निंदणात असायचं. वेचाईत मुकादमाचं लक्ष, किलोवर पैसा. गाणं म्हटलं की हात मागे राहतो. त्यांच्या आईच्या वेळी वेचताना एक बाई गायची आणि बाकीच्या उचलायच्या, असं त्यांना पुसट आठवत होतं.

जात्यावरची ओवी दोघींची असते. एक ओळ टाकते, समोरची तीच ओळ घोळवते, तोवर पहिलीला पुढची सुचते. ब्लूजचं कडवं याच युक्तीवर उभं आहे: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. चार-चार मात्रांची बारा आवर्तनं झाली की कडवं पुरं. दुसऱ्यांदा म्हणताना गाणारा तिसरी ओळ शोधत असतो. चक बेरीची, लिटल रिचर्डची, एल्व्हिस प्रेस्लीची कितीतरी गाणी याच बारा आवर्तनांच्या चौकटीत बसतात. जात्याला हात लावलेल्या बाईला ही चौकट समजावून सांगावी लागत नाही. मावशींना मी एकदाच सांगितली, त्या म्हणाल्या, "मंग? दुसरी ओळ रिकामी थोडीच असते."

आपल्याकडच्या ओव्या जपल्या गेल्या त्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्यामुळे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. अमेरिकेत हे काम ॲलन लोमॅक्सनं केलं. ऑगस्ट १९४१मध्ये तो आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हल मळ्यावर पोचले. तिथल्या एका मजुराचं गाणं त्यांनी तबकडीवर घेतलं आणि लगेच त्याला ऐकवलं. तो मजूर म्हणजे मडी वॉटर्स. आपला आवाज बाहेरून ऐकल्यावर आपणही गाऊ शकतो अशी त्याची खात्री पटली. १९४३ साली तो आगगाडीनं शिकागोला गेला, तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना म्हणून विजेची घेतली. रॉक अँड रोलचा अर्धा आवाज त्या एका गरजेतून आला आहे. मुंबईच्या चाळीत कोकणातला माणूस डबलबारीचं भजन करतो तेव्हा त्याचाही आवाज गावापेक्षा चढा लागतो, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

जेवण उरकता उरकता मावशींनी एक न उमललेलं बोंड दगडावर फोडून दाखवलं. आत गुलाबी अळी, नखाएवढी, सरकीला भोक पाडून बसलेली. बाहेरून बोंड हिरवंगार. २०१७ साली या गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाऊन टाकला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते बोलताना इथे अजूनही आवाज उतरतो. अमेरिकेत १८९२च्या सुमारास मेक्सिकोतून बोंड पोखरणारा सोंडकिडा आला आणि पुढच्या तीस वर्षांत त्यानं सगळी दक्षिण पालथी घातली. त्या किड्यावर गाणी झाली. डॉकरी मळ्यावर वाढलेल्या चार्ली पॅटननं १९२९ साली त्याचं गाणं तबकडीवर गायलं. ब्लूज गाणाऱ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या पॅटनकडून शिकल्या, त्यामुळे रॉक अँड रोलच्या वंशावळीत एक किडा बसलेला आहे. मी मावशींना विचारलं, बोंडअळीचं गाणं आहे का कुणाचं? त्यांनी बराच वेळ विचार केला. "भजनात येते कधी," म्हणाल्या. "गाणं नाही. गाणं म्हनाले उसंत पायजे."

दुपारनंतर मी पुन्हा ओळीत उतरले. दोन तासांत माझी ओटी एकदाच भरली. शेजारच्या पोरीनं तिची चार वेळा फडक्यात रिकामी केली. पाठ मोडते ती वाकून, हे ठाऊक होतं; पण मान आधी दुखते हे नव्हतं. तिकडे मजूर नऊ-नऊ फुटांची लांब पोती खांद्याला अडकवून जमिनीवरून ओढत न्यायचे. २ ऑक्टोबर १९४४ रोजी क्लार्क्सडेलजवळ हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणारी यंत्रं लोकांसमोर चालवून दाखवली गेली, आणि हळूहळू वेचणाऱ्या हातांची गरज सरली. लाखो माणसं उत्तरेला गेली, हाळी सोबत घेऊन. आपल्याकडे कापूस आजही हातानंच वेचतात. यंत्र इथेही आलं तर या अकरा जणी कुठे जातील, हा प्रश्न संध्याकाळी काट्यावर गाठोडी चढत असताना माझ्या डोक्यातून जात नव्हता.

त्या रात्री मंदिरात भजन होतं. ते ऐकायलाच काकूंनी मला एक दिवस जास्त ठेवून घेतलं होतं. इथलं भजन खंजिरीचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. त्यांनी खंजिरी हातात घेतली आणि विदर्भातल्या गावोगावच्या भजनात ती कायमची आली. मंडळातल्या बुवांनी खंजिरी काढली. लाकडी कडं, एका अंगाला कातडं, कड्यात खाचा पाडून बसवलेल्या पितळी चकत्या. थंडीनं कातडं सैल पडलं होतं, म्हणून शेकोटीवर धरून फिरवत ते तापवलं, मग टिचकी मारून कानाजवळ नेलं, पुन्हा तापवलं. तिसऱ्यांदा मान हलली.

भजन सुरू व्हायच्या आधी मी भीत भीत सकाळची हाळी ऐकवली. मोबाईलवर मी ती टिपून घेतली होती. शेवटच्या अक्षराचा सूर कुठला, एवढंच मला विचारायचं होतं. बुवांनी पेटी ओढली, षड्ज ठरवला, मग कोमल गंधार दाबला. खाली पडला. शुद्ध गंधार दाबला. वर गेला. पुन्हा ऐकलं, पुन्हा दोन्ही पट्ट्या दाबून पाहिल्या. मग म्हणाले, "हा सूर पेटीत नाही. दोन पट्ट्यांच्या मधी हाये."

हाच तो सूर. ब्लूजमध्ये त्याला 'ब्लू नोट' म्हणतात. तो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी झुलतो आणि एका जागी बसत नाही. गळ्यातून तो सहज निघतो, सतारीवर मींडेनं काढता येतो. पियानोवर त्याला जागा नाही, म्हणून ब्लूजचे पियानोवादक शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतात किंवा एकीवरून दुसरीवर बोट घसरवतात. बुवांनी नकळत तेच करून पाहिलं होतं. गिटार वाजवणाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला: तारेवर सुरीचं पातं किंवा बाटलीचा गळा घासायचा. १९०३च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर, रखडलेल्या गाडीची वाट पाहत बसलेल्या डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तरानं एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाला सुरीनं तार घासत गाताना ऐकलं. पुढे हँडीनं ब्लूज कागदावर उतरवून छापला. त्या माणसाचं नाव त्यानं विचारलं नव्हतं.

मग भजन रंगलं. बुवा ओळ टाकायचे, बाकीचे उचलायचे, लय चढत जायची. आठ-दहा मिनिटांनी खंजिरीच्या चकत्यांचा आवाज एकसंध सरीसारखा होऊन जायचा. दोन भजनांच्या मध्ये चहा आला. मी बुवांना विचारलं, एक खंजिरीवाल्यांच्या घरची बाई ऐकवू का? आणि सिस्टर रोझेटा थार्प लावली.

तिच्याविषयी थोडं सांगायलाच हवं. १९१५ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात जन्मली, आणि गावाचं नाव काय, तर कॉटन प्लांट. पऱ्हाटीच. आई कापूस वेचायची, मँडोलिन वाजवायची आणि प्रवचन करत गावोगाव फिरायची. ज्या पंथात ती होती त्या चर्चमध्ये टाळ्या, ढोल, खंजिरी सगळं चालायचं. अंगात आल्यासारखे लोक नाचायचे. मुलीनं लहानपणीच गिटार उचलली. पुढे विजेची गिटार घेऊन ती देवाची गाणी अशी वाजवू लागली की नाचघरं आणि चर्च दोन्ही हादरली. १९४४ साली तिनं तबकडीवर गायलेलं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' हे रॉक अँड रोलच्या अगदी आधीचं पाऊल मानतात. तिचं नाव मात्र मागे पडलं. रॉक अँड रोलच्या हॉल ऑफ फेममध्ये तिला जागा मिळाली ती २०१८ साली, मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

मी दाखवलं ते चित्रण मे १९६४चं. मँचेस्टरमधलं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, एका फलाटावर प्रेक्षक, समोरच्या फलाटावर कलाकार. मडी वॉटर्सही त्या कार्यक्रमात होता. पाऊस पडलेला. रोझेटा घोडागाडीतून उतरते, अंगात जाड कोट, गळ्यात पांढरी गिटार, आणि पावसाचंच गाणं धरते. मँचेस्टर! ज्या गिरण्यांसाठी तिच्या पूर्वजांनी कापूस वेचला, ज्या गिरण्यांसाठी वूनच्या शिवारात पऱ्हाटी पेरली गेली, त्या गिरण्यांच्या गावातला फलाट. हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण टाळकरी पोरंही मोबाईलभोवती जमली.

बुवा ऐकत होते. हातानं मांडीवर ताल धरला आणि दोन आवर्तनांत थांबले. "हे सम सोडून मारून राहिली." मग हात मोकळा ठेवून ऐकलं. एक, दोन, तीन, चार. आपण एकवर टाळी देतो, हिचा जोर दोनवर आणि चारवर. रॉक अँड रोलचा ठोका तो हाच. ड्रमवाला तो काठीनं मारतो, पण त्याआधी तो चर्चमधल्या तळहातांचा होता. बुवांनी खंजिरी उचलली. पहिल्या वेळी हात सवयीनं समेवर पडला. दुसऱ्या वेळी अडखळला. तिसऱ्या वेळी त्यांनी सम नुसती मानेनं दिली आणि पितळ दुसऱ्या मात्रेवर वाजवलं, मग चौथ्या, मग दुसऱ्या. गाणं संपेपर्यंत सोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, "जागा रिकामी ठेवली की मानूस आपोआप हालते." बॅकबीट समजावणारी पानंच्या पानं मी वाचली आहेत, या वाक्याइतकं नेमकं त्यांत काही नव्हतं.

बुवांना मग 'अलबेला' आठवला. तरुणपणी जुना सिनेमा म्हणून वणीच्या टॉकीजमध्ये पाहिलेला. हा धागा मला स्वतःहून काढावा लागला नाही याचा आनंद झाला. 'अलबेला' १९५१चा. भगवानदादा पालव यांचा जन्म अमरावतीचा, वडील कापडगिरणीत कामगार. संगीत सी. रामचंद्र यांचं, ते पुणतांब्याचे, पण नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले. त्यांच्या साथीला ट्रम्पेट घेऊन होते गोव्यातल्या हळदोण्याचे चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ. तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीसारखे काळे अमेरिकन वादक येऊन गेले होते, आणि गोव्याच्या वादकांनी जॅझ त्यांच्या आणि तबकड्यांच्या तोंडून उचलला होता. १९५७ साली 'आशा'मध्ये सी. रामचंद्रांनी 'ईना मीना डीका' बांधलं, तेव्हा हिंदी सिनेमात रॉक अँड रोल पोचला. ज्या १९५१ साली भगवानदादा पडद्यावर नाचत होते, त्याच वर्षी मार्चमध्ये क्लार्क्सडेलचा आइक टर्नर आपला बँड घेऊन मेम्फिसला निघाला होता. वाटेत ॲम्प्लिफायर बिघडला, त्याच्या कर्ण्यात कागद कोंबून वेळ मारून नेली, आणि त्या फाटक्या, घरघरत्या आवाजातच सॅम फिलिप्सनं 'रॉकेट ८८' ध्वनिमुद्रित केलं. पुष्कळ जण रॉक अँड रोलची पहिली तबकडी ती मानतात. फिलिप्सही कापसाच्या शेतावर वाढलेला. १९५४च्या जुलैमध्ये त्याच्याच स्टुडिओत एल्व्हिसनं आर्थर क्रुडप या काळ्या ब्लूजवाल्याचं गाणं गायलं. तिथून पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

निघण्याच्या दिवशी काका मला मोटारसायकलवर पैनगंगेच्या अंगाला एका गोंड वस्तीवर घेऊन गेले. दिवाळीतली दंडारी आणि मोरपिसांच्या टोपाचे घुसाडी संपून गेले होते, तरी ढोल अजून अंगणात टांगलेले होते. वाटेत कोलामांचं एक पोड लागलं, तिथे थांबलो नाही. वस्तीवर एका परधान आजोबांकडे किकरी होती: कातडं मढवलेला लाकडी कोठा, तीन तारा, घोड्याच्या केसांचा गज. परधान हे गोंडांचे गाथाकार. यजमानांच्या घरी जाऊन त्यांच्या देवांची, कुळांची गाथा किकरीवर गायची, हे त्यांचं पिढीजात काम. नदीपलीकडे आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी चाळीसच्या दशकात या गाथा लिहून घेतल्या. १९४८ साली त्यांचं पुस्तक निघालं.

पश्चिम आफ्रिकेत असेच गाथाकार आहेत, ग्रिओ. राजांच्या वंशावळी मुखोद्गत, हातात कातडं मढवलेलं तारवाद्य. गुलाम म्हणून जहाजात कोंबलेल्या माणसांना वाद्यं सोबत नेता आली नाहीत, पण ती कशी करायची हे हातांना ठाऊक होतं. भोपळ्याला कातडं ताणून त्यांनी तिकडे जे वाद्य केलं, त्याचा पुढे बँजो झाला. गोऱ्यांच्या कंट्री संगीताचं म्हणून ओळखलं जाणारं वाद्य मुळात आफ्रिकेतून आलेलं आहे. ज्यांना तेवढंही जमत नसे ती मिसिसिपीतली पोरं झाडूची तार भिंतीला दोन खिळ्यांत ताणून बाटलीनं घासत वाजवायची. त्या एकतारी खेळण्याला 'डिडली बो' म्हणतात, आणि बो डिडली या नावाच्या गायकानं १९५५ साली जो ठेका जगाला दिला तो आजही वाजतो आहे. आजोबांना मी ही भिंतीवरची तार जमिनीवर काडीनं रेघ ओढून दाखवली. त्यांनी ती पाहिली, किकरीचा गज उचलला आणि एकाच तारेवर, दुसऱ्या दोन्हींना हात न लावता, पाच मिनिटं वाजवलं. सूर घसरत होता, थांबत नव्हता. बुवांची पेटी तिथे असती तर तिला पुन्हा पट्टी सापडली नसती.

मी विचारून ते टिपून घेतलं. परत निघताना त्यांच्या नातवाच्या मोबाईलवरही पाठवलं, आजोबांना लगेच ऐकवायला सांगितलं.

दुपारच्या एसटीला अजून वेळ होता म्हणून वावरात डोकावले. बाया शेवटच्या ओळींवर होत्या. मावशींनी विचारलं, रात्री मंदिरात कोणती बाई वाजवली म्हणे तुम्ही? बातमी पोचली होती. मी धुऱ्यावर बसून तेच चित्रण पुन्हा लावलं. मावशी ओटीसकट खाली वाकून बघत राहिल्या. ती गाते काय यापेक्षा त्यांची नजर तिच्या बोटांवर होती.

"ही वेचाईले जात होती?"

"आई जायची. तिच्या गावाचं नावच पऱ्हाटी होतं."

त्यांनी पुन्हा बघितलं. म्हणाल्या, उलंगवाडीच्या, म्हणजे वेचाई संपायच्या, आधी ये. जातं आता घरात नाही, पण पाटणला बहिणीकडे आहे. तिकडे जाऊ, दोघी म्हणू, तू भरून घे. मग ओटी सावरत ओळीकडे वळल्या आणि चार पावलं जाऊन थांबल्या.

"अन् येताना त्या बाईचा फोटो आणजो. गिटार हातात घेतलेला."